खुणा जुळल्या, गाडी मात्र सुरू होईना

पावसाळ्याच्या तोंडावर एक मारुती जिप्सी टोचन करून आमच्या गॅरेजमध्ये आली. १९९८ चं मॉडेल, १२९८ सीसीचं आठ वॉलचं (झडपांचं) कार्बोरेटर इंजिन. मालक गगनबावड्याकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले काका. शेताकडची वाट पावसात दुसऱ्या कुठल्या गाडीला जमत नाही, म्हणून ही गाडी त्यांनी जपलेली. निळा धूर आणि ऑइल खाण्याची तक्रार वाढल्यावर त्यांनी गावाजवळच्या एका मिस्त्रींकडे फुल इंजिन काम करून घेतलं होतं. ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणून ०.५० ओव्हरसाइज बोअर (सिलिंडरची भोकं अर्धा मिलिमीटर मोठी), नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंग, हेडचं वॉल ग्राइंडिंग, क्रँकवरून कॅम (वॉल उघडणारा दांडा) फिरवणारा नवा टायमिंग बेल्ट. यात हात आखडता कुठेच घेतला नव्हता. बिलं सगळी एका पिशवीत घालून काकांनी सोबत आणली होती.

इंजिन बसवल्यापासून गाडी एकदाही सुरू झाली नव्हती. चार दिवस सेल्फ मारून झाला, दोनदा ट्रॅक्टरला बांधून ओढून झाली, एक नवी बॅटरी घेऊन झाली. मिस्त्रींनी कार्बोरेटर दोनदा खोलला, प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी पाळीपाळीनं प्लगांना वाटतो त्याची) टोपी बदलली, कॉइल बदलली. मधूनच कार्बोरेटरमधून 'फट' असा आवाज यायचा, एकदा जाळही आला म्हणे. पुढे काकांनाच भीती वाटली आणि त्यांनी गाडी हलवली.

इंजिन कामानंतर सुरू न होणाऱ्या गाडीबद्दल माझा एक पक्का समज आहे. चालती गाडी अचानक बंद पडली तर दोष बहुधा एकच असतो. पण उघडून जोडलेली गाडी सुरू होत नसेल तर दोष किती असतील ते सांगता येत नाही, कारण प्रत्येक बोल्टला कुणाचा तरी हात लागलेला असतो. त्यात चार दिवसांच्या खटपटीनं नवे दोष तयार होतात ते वेगळेच. या जिप्सीत तीन निघाले. मूळ दोष सापडला सगळ्यात शेवटी.

पहिला दिवस: सेल्फ

चावी फिरवली तर इंजिन मरतुकडं फिरत होतं. नवी बॅटरी असूनही. मिस्त्रींनी काकांना सांगितलं होतं, "बोअर नवीन हाय, रिंगा घट्ट हायत, म्हणून जड फिरतंय." यात थोडं तथ्य असतंच, नवं इंजिन जरा जड फिरतं. पण इतकं नाही.

मीटर लावला. चावी न फिरवता बॅटरीवर १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना ११.२. हा आकडा पाहून मी थांबलो. सेल्फ खरोखर जड फिरत असता तर त्यानं बॅटरीतून भरपूर करंट ओढला असता आणि व्होल्टेज दहाच्या आसपास किंवा खाली आलं असतं. इथे बॅटरी आरामात होती आणि सेल्फ उपाशी. म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी अडवणूक होती. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला सांगितला. २.६ व्होल्ट! हा आकडा पाव व्होल्टाच्या आत असायला हवा.

तेवढ्यात आमचं पोरगं ओरडलं. चोकच्या केबलमधून धूर येत होता. बोट लावून बघितलं तर केबल चटका बसेल इतकी तापलेली. गाडीखाली वाकलो तेव्हा उलगडा झाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला व्यवस्थित आवळलेली होती, पण बॉडीपासून इंजिनाकडे जाणारी अर्थची वायर गिअरबॉक्सच्या बाजूला नुसती लोंबत होती. इंजिन चढवताना बोल्ट घालायचा राहून गेला होता. रबरी माउंटिंगवर बसलेल्या इंजिनाला परतीची वाट उरली नव्हती, म्हणून सेल्फचा सगळा करंट चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबलींतून परतत होता. बारीक तारेतून एवढा करंट गेल्यावर ती तापणारच.

वायरचं टोक घासून पांढरं केलं, बोल्ट आवळला. सेल्फ खणखणीत फिरू लागला, मीटरवर ०.२. चोकची केबल आतून चिकटली होती, ती नवी मागवली. मला वाटलं, झालं काम. गाडी सुरू झाली नाही.

करंट आहे, पेट्रोल आहे, मग?

पुढचा तास नेहमीच्या तपासणीचा. प्लग काढून ब्लॉकला टेकवून पाहिला, निळी करकरीत ठिणगी. चारही प्लगांवर तशीच. कार्बोरेटरच्या तोंडातून बघत अॅक्सिलरेटर दाबला तर पेट्रोलची धार स्वच्छ. प्लग मात्र चारही ओले चिंब, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पेट्रोलचा इतका वास की कुणाला विडी ओढू दिली नसती. पेट्रोल आत जातंय, न जळता तसंच बाहेर येतंय.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, तपासली: १-३-४-२. टोपीवरच्या वायरी त्याच क्रमानं, फिरण्याच्या दिशेनं बरोबर लागलेल्या.

मग टायमिंग लाइट आणली. ठिणगी पडते त्याच क्षणी ती चमकते आणि क्रँकची खूण तेव्हा कुठे आहे ते दाखवते. क्लिप एक नंबरच्या वायरला लावली, पोराला सेल्फ मारायला सांगितलं. लाइट चमकत होती आणि टायमिंगची खूण जिथे दिसायला हवी तिथेच दिसत होती. इथे मी फसलो, आणि चांगलाच फसलो. 'इग्निशन टायमिंग ठीक' असं मनाशी लिहून मी पुढे गेलो. ती लाइट खोटं बोलत नव्हती, पण अर्धंच सांगत होती. पुढचा दीड दिवस त्या अर्ध्या उत्तरात गेला.

कॉम्प्रेशन

करंट आहे, पेट्रोल आहे, टायमिंग आहे, मग उरतं कॉम्प्रेशन. चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि गेज लावला. ८, ८.५, ८, ७.५ किलो. या इंजिनाला १२ ते १४ च्या दरम्यान हवं. फुल इंजिन काम केलेल्या गाडीला आठ किलो म्हणजे काकांचा जीव टांगणीला. बिलांच्या पिशवीकडे त्यांची नजर गेली ते मी पाहिलं.

एवढ्यावर बोअरिंगवाल्याला शिव्या घालणं सोपं होतं. पण चारही आकडे जवळपास सारखे होते, आणि ते महत्त्वाचं. एखादा वॉल बसत नसता किंवा गॅस्केट फुटली असती तर एक-दोन सिलिंडर वेगळे पडले असते. चारही सारखेच कमी म्हणजे चौघांना सारखाच लागू होणारा काहीतरी दोष. एक शक्यता अशी की बेल्ट एक-दोन दात चुकलाय आणि वॉल चुकीच्या वेळी बंद होतायत. दुसरी अशी की बोअर धुऊन निघालेत. चार दिवस न जळलेलं पेट्रोल भिंतींवरून खाली गेलं की ऑइलचा पदर निघून जातो. नव्या रिंगा अजून बोअरला बसलेल्या नसतात, त्यामुळे ऑइलशिवाय त्या हवा धरत नाहीत.

या दोन शक्यता वेगळ्या करायला महाग साधन लागत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, थोडा वेळ थांबून परत गेज लावला. १२.५, १३, १२.५, १२. ऑइलनं कॉम्प्रेशन उसळलं म्हणजे गळती रिंगांच्या बाजूनं होती, आणि तीही रिंगा कोरड्या पडल्यामुळे. बेल्ट चुकला असता तर चमचाभर ऑइलनं आकडा असा वर गेला नसता, कारण उघड्या वॉलमधून जाणारी हवा ऑइल अडवत नाही. उद्यमनगरातलं काम निर्दोष होतं. काकांनी पिशवी बाजूला ठेवली.

डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा. चार दिवसांत सिलिंडरमधून झिरपलेलं पेट्रोल संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, साचलं होतं. हे ऑइल तसंच ठेवून गाडी सुरू केली असती तर नव्या बेअरिंगांचं काय झालं असतं ते न बोललेलं बरं. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. प्लग काढलेलेच होते, तसाच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवून घेतलं. प्लग काढलेले असताना इंजिनावर ताण नसतो, आणि पंप बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचवतो.

आता कॉम्प्रेशन मिळालं, ऑइल नवं, प्लग वाळवून घातले, सेल्फ खणखणीत. चावी फिरवली. कार्बोरेटरमधून 'फट'. एवढंच.

टॅपेट कव्हर

संध्याकाळी पुढचं कव्हर काढून बेल्ट पाहिला. क्रँकच्या पुलीवरची खूण बाणासमोर, कॅमच्या पुलीवरची खूण तिच्या खाचेसमोर. दोन्ही अगदी जुळलेल्या. दोनदा पाहिलं, दोन पूर्ण फेरे हातानं फिरवून परत पाहिलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी उचलली तर रोटर (आत फिरत ठिणगी वाटणारा तुकडा) एक नंबरच्या वायरीकडे तोंड करून. सगळं पुस्तकात असतं तसं. मी हात धुतले आणि घरी गेलो. झोप कशी लागली ते सांगत नाही.

सकाळी टॅपेट सेटिंग, म्हणजे वॉल दाबणाऱ्या भागांतली फट, बघू म्हणून वरचं कव्हरही काढलं. खुणा जुळवलेल्याच होत्या. आमचं पोरगं फीलर गेज (फट मोजायच्या पत्त्या) घेऊन एक नंबरच्या सिलिंडरवर वाकलं आणि म्हणालं, "मालक, ह्ये एक नंबरचे टॅपेट घट्ट हायत. पत्ती जाईनाच. चार नंबरचे बघा की, ते ढिले हायत."

मी जागच्या जागी उभा राहिलो.

इथे थोडं मागे जावं लागेल. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन नेहमी जोडीनं वर येतात. पण दोघांचं काम एका वेळी वेगळं असतं. एक जण कॉम्प्रेशन पूर्ण करून वर आलेला असतो, त्याचे दोन्ही वॉल बंद आणि टॅपेट ढिले. दुसरा जळका धूर बाहेर ढकलून वर आलेला असतो, त्याचा एक वॉल बंद होत आलेला आणि दुसरा उघडू लागलेला, म्हणून दोन्ही टॅपेट ताणलेले. क्रँकच्या एका फेऱ्यानंतर दोघांची अदलाबदल होते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो, आणि डिस्ट्रिब्युटरही एकदाच.

म्हणून क्रँकची खूण बाणासमोर आली एवढ्यावरून आग कुणाला द्यायची ते कळत नाही. कॅमची खूणही जुळली की कळतं, पण त्या जुळलेल्या अवस्थेत कोणता सिलिंडर कॉम्प्रेशनवर ठेवायचा हे कंपनीनं ठरवलेलं असतं. बहुतेक इंजिनांत तो एक नंबर असतो. सुझुकीच्या या आठ वॉलच्या इंजिनात तो चार नंबर असतो. बेल्टच्या खुणा जुळलेल्या असताना कॉम्प्रेशन चार नंबरवर, आणि एक नंबर धूर सोडून वर आलेला.

मिस्त्रींनी खुणा जुळवून बेल्ट बरोबर घातला होता. त्यात एका दाताचीही चूक नव्हती. मग त्याच अवस्थेत, इंजिन न हलवता, डिस्ट्रिब्युटर घातला आणि रोटर एक नंबरच्या वायरीकडे ठेवला. जन्मभर बाकीच्या गाड्यांत असंच केलेलं. इथे मात्र आग बरोबर एका फेऱ्यानं चुकली. चारही सिलिंडरांना ठिणगी मिळत होती, पण कॉम्प्रेशनच्या शेवटी मिळण्याऐवजी एक्झॉस्टच्या शेवटी. त्या क्षणी इनटेक वॉल उघडू लागलेला असतो, म्हणून जाळ उलटा कार्बोरेटरकडे यायचा. आणि ज्या वेळी मिश्रण दाबलं गेलेलं असायचं, त्या वेळी ठिणगीच नसायची. ते पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर आणि भिंतींवरून संपमध्ये.

टायमिंग लाइट का फसली तेही मग कळलं. खूण क्रँकवर अवलंबून असते, आणि क्रँकची खूण दर फेऱ्याला त्याच जागी येते. चुकीच्या फेऱ्यात ठिणगी पडली तरी खूण बरोबर जागीच दिसणार. वाईट इतकंच की हे मला ठाऊक होतं. चार चौघांत विचारलं असतं तर मी तोंडपाठ सांगितलं असतं. पण लाइट हातात असताना आठवलं नाही.

खात्री आणि दुरुस्ती

टॅपेटवरून निदान झालं होतं, तरी काकांसमोर ते दाखवायचं होतं. एक नंबरचा प्लग काढला, भोकात कागदाचा बोळा हलका बसवला आणि पान्यानं क्रँक सावकाश फिरवला. बोळा 'फुस्स' करून उडाला तेव्हा कॉम्प्रेशन चढत होतं. खूण बाणासमोर येईपर्यंत फिरवून थांबलो. टोपी उचलली. रोटर चार नंबरच्या वायरीकडे बघत होता. काकांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळलं. "म्हणजे पत्र दुसऱ्याच घरी टाकत होता की हो," ते म्हणाले.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी केली. टोपीवरच्या वायरी अर्ध्या फेऱ्यानं बदलल्या: एकच्या जागी चार, चारच्या जागी एक, तीनच्या जागी दोन, दोनच्या जागी तीन. एअर फिल्टर बसवून घेतला, कारण कार्बोरेटरचं तोंड उघडं ठेवून अशी गाडी सुरू करणं म्हणजे भुवया गमावणं. हाताशी ओलं पोतं ठेवलं. चावी फिरवली. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन उठलं. आधी सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा पांढरा-निळा धूर इतका आला की शेजारच्या टायरवाल्यानं येऊन विचारलं, काय पेटलं काय. पाच-सात मिनिटांत धूर ओसरला.

बरेच जण इथेच काम संपवतात. वायरी बदलल्या, गाडी चालते, झालं. मला ते पटत नाही. पुढे कधी कुणी टोपी बदलेल, वायरी पुस्तकाप्रमाणे लावेल आणि हाच चार दिवसांचा गोंधळ पुन्हा सुरू होईल. म्हणून इंजिन निवल्यावर क्रँक फिरवून एक नंबर खरोखर कॉम्प्रेशनवर आणला, डिस्ट्रिब्युटर उपसला आणि रोटर एक नंबरच्या वायरीकडे येईल असा परत बसवला. त्याचा गिअर तिरक्या दातांचा असतो, त्यामुळे आत जाताना रोटर थोडा वळतो. तेवढं आधीच मागे धरून सोडावं लागतं. दुसऱ्या खेपेला बसला. वायरी मूळ जागी आणल्या आणि मग टायमिंग लाइटनं अंश लावले. आता ती लाइट कामाची होती.

बेल्टला हात लावला नाही. या दुरुस्तीत सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच असते. गाडी सुरू होत नाही म्हणून चांगला बसलेला बेल्ट कुणीतरी सोडतो आणि खुणा 'एक नंबरवर' जुळवायच्या नादात खरोखरचं टायमिंग बिघडवतो.

दुपारी त्या मिस्त्रींना फोन केला. काकांची इच्छा नव्हती, पण मला वाटलं कळवावं. ते मोटारसायकलवरून स्वतः आले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, म्हणून मी "वस्ताद, बसा" म्हटलं. पण ते बसले नाहीत, टॅपेट कव्हर काढायला लावलं. खुणा जुळवून घेतल्या, एक नंबरचे टॅपेट बोटानं हलवून पाहिले, चार नंबरचे पाहिले. परत एक नंबरचे. मग म्हणाले, "चाळीस वर्सं एक नंबरवर बसवत आलोय." जरा थांबून, "आणि अर्थची वायर?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जाताना काकांच्या हातात काही नोटा ठेवल्या. काकांनी घेतल्या नाहीत, मिस्त्रींनी खिशात परत घातल्या नाहीत, आणि शेवटी त्या आमच्या टेबलावरच राहिल्या. त्यातून नव्या ऑइलचं बिल झालं.

गाडी पहिले ५०० किलोमीटर जपून चालवायला सांगितली. एकसारख्या वेगानं हायवेवर न पळवता कमी-जास्त करत, चढाला इंजिनावर थोडा भार देत, म्हणजे रिंगा बोअरला बसतात. काकांना त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही, गगनबावड्याचा रस्ताच तसा आहे. ५०० ला ऑइल परत बदललं, त्यात पेट्रोलचा वास नव्हता. पुढे १२०० वर गाडी टॅपेटला आली तेव्हा गेज लावून पाहिला. ऑइल न घालता, १३, १३, १३.५, १३.

पोरानं तोवर एक काम करून ठेवलं होतं. टायमिंगच्या पुढच्या कव्हरवर आतल्या बाजूनं पांढऱ्या पेंटनं लिहिलं होतं: 'खूण जुळली = ४ नंबर'. चारचा आकडा बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट.